‘निर्मळ’ साहित्याची आठवण काढणाऱ्यांसाठी

एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचं सार असं: जुने लेखक राजकारणापासून लांब राहून निर्मळ लिहायचे; हल्लीच्यांनी साहित्यात राजकारण घुसवलं आणि कला मारली; पुस्तकांनी तसंही समाजात काही हलत नाही; तेव्हा निदान साहित्य संमेलनाच्या मंचावर तरी राजकारण नको.

जुने लेखक म्हणजे नेमके कोणते? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर पुरेसे जुने असावेत. त्यांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. वरवर पाहता महाभारतातली गोष्ट: विराटाचा दरबार, सैरंध्रीवर डोळा ठेवून असलेला कीचक, सबुरीनं घ्या म्हणणारा कंक आणि दातओठ खाणारा बल्लव. पण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, कंकात मवाळ, बल्लवात जहाल. सैरंध्री कोण, हे तर कुणाला सांगावंही लागलं नाही. सरकारच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ गेला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पौराणिक आहे म्हणजे निर्मळच, असं मानणाऱ्या आजच्या मंडळींपेक्षा तो गोरा साहेब बरा वाचक म्हणायचा.

कला मरते, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. घोषणांना यमक जुळवून केलेल्या कविता मीही सोसल्या आहेत. पण चांदण्यावरच्या टुकार कविता काय कमी आहेत? तो दोष विषयाचा नव्हे, हाताचा. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं येत होती, त्याच काळात बाहेर संमतिवयाच्या कायद्यावरून रण माजलं होतं. १८९१ च्या त्या कायद्यानं मुलींचं शरीरसंबंधासाठीचं संमतिवय १० वरून १२ केलं, तर तेवढ्यावरही धर्म बुडाल्याची ओरड झाली. हरिभाऊंनी यमूला तिची कहाणी तिच्याच तोंडून सांगू दिली, पार केशवपनापर्यंत. विधवेच्या डोक्यावरच्या केसांइतकं राजकीय त्या काळी दुसरं काय होतं? कादंबरी मात्र मेली नाही. अजून वाचली जाते.

पुस्तकांनी काही हलत नाही म्हणता? मग नाटकांना वेसण घालायला इंग्रजांना १८७६ मध्येच खास कायदा का करावा लागला?

राहिला मंच. साल १९७५, आणीबाणी, कऱ्हाडचं संमेलन. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. राजकारण मंचावर आधीच येऊन बसलं होतं, तेही मानाच्या खुर्चीत. ते कुणाला खुपत नाही. खुपतं ते दुर्गाबाईंनी त्याच मंचावरून आणीबाणीविरुद्ध बोलणं, सरकारचे कडवे विरोधक जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगणं. बाईंना पुढे अटकही झाली. त्या फिरत्या मजकुरात ‘मंत्र्यांनीही संमेलनाला येऊ नये’ असं एखादं वाक्य असेल म्हणून मी तो दोनदा वाचला. नाही सापडलं.