शहीद व्हायची वाट का पाहायची?

२६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो. एरवी तो टेरिटोरियल आर्मीच्या ताब्यात. त्या दिवशी ही रांग! लोक लेकराबाळांना घेऊन वर जातात, जवानाशेजारी उभं राहून फोटो काढतात. मला त्यात वावगं काही वाटत नाही, मीही गेलोय. माझी तक्रार बाकीच्या दिवसांबद्दल आहे.

नागपूरला फौज काही परकी नाही. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, कामठीची छावणी तर १८२१ ची. ड्रॅगन पॅलेस पाहायला आपण ज्या कामठीला जातो, तिथंच ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. १९७१ च्या युद्धात गंगासागरच्या लढाईत मरणोत्तर परमवीरचक्र मिळवणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे, १४ गार्ड्सचे. शाळेच्या सहली कामठीपर्यंत जातात, पण हे नाव किती पोरांना सांगितलं जातं, कोण जाणे.

माझं म्हणणं असं की आपली कृतज्ञता फार उशिरा जागी होते. तिरंग्यात गुंडाळलेला माणूस गावात आला की अख्खा तालुका लोटतो. जो धडधाकट परत येतो, त्याचं आपल्याला काही पडलेलं नसतं. आणि जी मागे घर सांभाळत बसलेली असते, तिचं तर त्याहून नाही.

माझे भाऊजी महार रेजिमेंटमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. गोळी लागली नाही, पदक मिळालं नाही, पेपरात कधी नाव आलं नाही. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ सुटी असते. हे ऐकून लोक म्हणतात, "वा, मजा आहे मग!" पण ही सुटी मिळते पलटणीच्या सोयीनं. पोळा कधी आहे, सासूचं ऑपरेशन कधी आहे, पोराची दहावी कधी आहे, हे पलटणीला विचारून ठरत नाही. फील्ड एरियात, म्हणजे सीमेकडच्या तैनातीवर, बायकोपोरांना नेता येत नाही. पीस पोस्टिंग, म्हणजे शांत ठिकाणची बदली, मिळालं तरी क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत बरेच महिने जातात, आणि नंबर लागला की पोरांची शाळा बदला.

म्हणून ताई काटोलकडे सासरीच राहिली. संत्र्याची बाग तिनं पाहिली. आंबिया बहाराचा सौदा करायला व्यापारी यायचा तो आधी विचारायचा, "घरी माणूस नाही का कोणी?" विहिरीची मोटर जळली, सासऱ्यांना मोतीबिंदू झाला, चुलत्यांशी बांधाचं भांडण निघालं, सगळं तिच्याच अंगावर. आणि भाऊजी सुटीवर आले की सुख, असं तुम्हाला वाटत असेल तर तिला विचारा. "आठ दिवस बरं वाटते," ती सांगते, "नवव्या दिवशी विचारतात, मोटर कोणाला विचारून बदलली?" तिकडे हुकूम द्यायची सवय लागलेली, इकडे हिला निर्णय घ्यायची. एका घरात दोन कर्ते. जरा कुठं सूर जुळायला लागला की काळी ट्रंक भरायची वेळ झालेली. मग नागपूर स्टेशन, जम्मूकडे जाणारी गाडी, खिशात फौजेचं रेल्वे वॉरंट (प्रवासाचा सरकारी परवाना) असून बर्थ नाही म्हणून डब्याच्या दारात त्याच ट्रंकेवर बसलेला माणूस. आपल्यातले किती जण त्या ट्रंकेला ठेचकाळून "काय भाऊ, रस्त्यात!" म्हणून पुढे गेले असतील.

टीव्हीवर आलं तर मात्र आपल्याला दिसतं. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनवर सोनम चौकीवर बर्फ कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९व्या बटालियनचे दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, ११ फेब्रुवारीला गेले. तो आठवडा देशानं श्वास रोखून पाहिला. त्याच वर्षी ३० मेच्या मध्यरात्रीनंतर आपल्या शेजारी, पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकारी गेले, पण मेलेल्यांत सर्वांत जास्त होते ते तिथल्या अग्निशमन दलाचे कर्मचारी. दारूगोळा जळत असताना माणसं पाण्याचे पाइप घेऊन आत शिरली. नागपुरात आज विचारून पाहा. सोनम चौकी आठवेल, पुलगाव आठवणार नाही.

शिपायाची पेन्शन १५ वर्षांच्या नोकरीवर बसते, त्यामुळे बहुतेक जण चाळिशीच्या आतबाहेर घरी. पोरं अजून शाळेत, घराचं कर्ज अर्धं. राज्य सरकारी नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी परीक्षा द्यायची ती क्लास लावून बसलेल्या पोरांसारखी. भाऊजींनी शेवटी बेसा रोडवरच्या एका सोसायटीत गेटवरची नोकरी धरली. तिथं त्यांना नाव नव्हतं. वॉचमन.

एका १५ ऑगस्टला सोसायटीनं झेंडावंदनाला निवृत्त कर्नलसाहेबांना बोलावलं. झेंड्याची गाठ कोणाला जमेना, म्हणून वॉचमनला हाक मारली. भाऊजी दोरी बांधून मागे सरकले आणि उभे राहिले. ते उभं राहणं पाहूनच कर्नलसाहेबांनी विचारलं, "कौनसी पलटन?" त्या दिवशी सोसायटीला कळलं की आपला वॉचमन फौजी आहे. त्यानंतर दोघा-तिघांनी त्यांची आवर्जून विचारपूस केली. फौजी कॅन्टीनमधून स्वस्तातली बाटली जमेल का म्हणून.

भाऊजी हसतात यावर. मला हसू येत नाही.

आणि आता २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षं नोकरी, जास्तीत जास्त २५ टक्के जण पुढे कायम, बाकीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी, पेन्शन नाही. योजना बरी की वाईट यावर इथं भांडायचं नाही (कमेंटमध्ये कराल, ठाऊक आहे). पण उद्या पंचविशीतले माजी फौजी आपल्या गल्लीत दिसतील, त्यांनाही गेटवरच उभं करणार का?

बायकांच्या बाबतीत तर सरकारचाही हिशेब अजब होता. शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या वीरपत्नीनं दुसरं लग्न दिराशी केलं तर भत्ता चालू, बाहेर केलं तर बंद! ही अट रद्द झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. इतकी वर्षं कोणाला खटकलं कसं नाही?

मी बँकेत होतो तेव्हा पेन्शनच्या काउंटरवर या बायका यायच्या. नवऱ्याच्या कागदावर 'सुनीता', आधारवर 'सुनिता', एवढ्यावर काम अडायचं. मग रेकॉर्ड ऑफिसला पत्र, तिथून उत्तर, पुन्हा पत्र. आता संरक्षण खात्याचं पेन्शनचं स्पर्श पोर्टल आलं, पेन्शन थेट खात्यात येते. पण पासवर्ड विसरला की सत्तरीतली बाई पोर्टलपुढे काय करणार? नातवाच्या हातापाया पडते.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. निधी द्या, जरूर द्या. शिवाय मानेवाड्याच्या आसपास कोणाच्या घरी हयातीचा दाखला किंवा नावाची दुरुस्ती अडकली असेल तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी घरीच असतो. येताना पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार आणि डिस्चार्ज बुक आणा. मूळ आणा, झेरॉक्सवर काही होत नाही.