टाळू वर्षात भरली नाही म्हणून हाडं कच्ची ठरत नाहीत

बाळाच्या टाळूबद्दलचा एक मेसेज सध्या आईबाबांच्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. त्याचा मजकूर असा: ‘टाळूखाली मेंदू उघडा असतो, बोटही लावू नका. टाळू उडत असेल तर बाळ अशक्त आहे. वर्षाच्या आत भरली नाही तर हाडं कच्ची, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब वाढवा. लवकर भरली तर बाळ हुशार.’

यातलं थेंबांचं वाक्य सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तेच घेते.

समोरची, पतंगाच्या आकाराची टाळू बहुधा 12 ते 18 महिन्यांत भरते. काही धडधाकट मुलांची तर दोन वर्षांपर्यंत हाताला लागते. पहिल्या वाढदिवशी ती उघडी असणं अगदी नेहमीचं आहे. मागची छोटी, तिकोनी टाळू मात्र दोन-तीन महिन्यांतच भरते. दोघींना एकच मुदत लावून कसं चालेल? शिवाय टाळू उघडी असते ती मेंदूला जागा हवी म्हणून. जन्मताना सुमारे 35 सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या वर्षात साधारण 12 सेंटिमीटरने वाढतो.

मुडदूस, म्हणजे हाडं कच्ची राहण्याचा आजार, झाला तर टाळू भरायला उशीर होतो, हे खरं. पण थायरॉइड कमी असणं, डाऊन सिंड्रोम, डोक्यात पाणी साठणं यांतही होतो, आणि काहीच आजार नसतानाही होतो. नुसत्या टाळूवरून मुडदूस ठरत नाही. त्यासाठी रक्ततपासणी आणि एक्स-रे लागतो. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब चालूच ठेवा, पण मेसेज वाचून मात्रा वाढवू नका. ड जीवनसत्त्व जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

टाळू उडते ती नाडीच्या ठोक्याबरोबर. तिथे हाड नाही, म्हणून तो ठोका डोळ्यांना दिसतो, एवढंच.

मेंदूही उघडा नसतो. वर त्वचा आणि तिच्याखाली चिवट, जाड पडदा असतो. अंघोळ घालताना, विंचरताना हलका हात लागला तर काही होत नाही. दाबू नये, एवढं पुरे. नवजात बाळाच्या मेंदूची सोनोग्राफीसुद्धा याच टाळूवर प्रोब ठेवून करतात.

लवकर भरण्याचा हुशारीशी संबंध नाही. डोक्याचा घेर तक्त्याप्रमाणे वाढत असेल तर लवकर भरलेली टाळूही बहुधा चिंतेची नसते. घेर वाढायचा थांबला किंवा डोक्याचा आकार वेडावाकडा होत गेला, तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळले आहेत का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं लागतं.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. जे सांगायलाच हवं होतं, ते या मेसेजमध्ये नाही. बाळ रडताना टाळू वर येते आणि शांत झालं की बसते, ते ठीक. पण बाळ शांत, उभं धरलेलं असतानाही ती फुगलेली, ताठ लागत असेल आणि सोबत ताप, उलट्या, सुस्ती किंवा झटके असतील, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा; मेंदूज्वर असू शकतो. जुलाब-उलट्यांनंतर टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. तेव्हाही थांबू नका.