'टीएच३५०च्या जागी कुठलाही ७००आर४ सरळ बसतो': ह्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

जुनी शेवरोलेट सी-१० पिकअप घेतली की अमेरिकेत एक सल्ला हमखास मिळतो. इथल्या मराठी गाडीवेड्यांमध्येही तो आता जसाच्या तसा पुढे पाठवला जातोय. टीएच३५० आणि ७००आर४ हे जीएमचे, म्हणजे जनरल मोटर्सचे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पहिला तीन गिअरचा आणि दुसरा चार गिअरचा. सल्ला असा: "तीन गिअरचा टीएच३५० उतरवा, भंगारातून कुठलाही ७००आर४ आणा. दोन्ही जीएमचेच, त्यामुळे बोल्ट तेच, केबल तीच, शाफ्टही तोच. लॉकअपची वायर सोडून दिली तरी चालतं. शनिवारी सुरुवात केली की रविवारी संध्याकाळी गाडी रस्त्यावर. चौथा गिअर मिळाला की पेट्रोल निम्म्यावर."

मी टेक्सासात राहतो. माझ्या १९७८च्या सी-१०मध्ये हाच बदल मी स्वतः केला आहे आणि तो करावा असंच माझं मत आहे. पण ह्या सल्ल्यावर विसंबून चांगले गिअरबॉक्स जळताना पाहिलेत. जळल्यावर दोष गिअरबॉक्सला दिला जातो. म्हणून हे लिहितोय.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. बोल्ट तेच, हे खरं. शेवरोलेटच्या जुन्या व्ही-८ इंजिनांची मागची बाजू, स्मॉल ब्लॉक असो की बिग ब्लॉक, एकाच बोल्ट-आखणीची आहे आणि व्ही-८साठी बनलेला ७००आर४ तिथे बसतो. आउटपुट शाफ्टचे दातेही दोन्हींत २७च, त्यामुळे टीएच३५०चा स्लिप योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकणारं टोक, चालतो.

पण "कुठलाही ७००आर४" हे शब्द महागात पडतात. ह्या गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला बोल्टांनी जोडला जाणारा पुढचा भाग, वेगळं सुटत नाही, ते केसिंगबरोबर एकसंध ओतलेलं असतं. एस-१० पिकअपमधल्या २.८ लिटर व्ही-६ मागचा ७००आर४ बाहेरून हुबेहूब तसाच दिसतो, पण त्याची बोल्ट-आखणी निराळी. तो व्ही-८ला लागणारच नाही. ४.३ लिटर व्ही-६चा मात्र लागतो. फोर-व्हील-ड्राइव्हमधल्याचा आउटपुट शाफ्ट वेगळा, तो बदलायचा तर गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो. कॉर्वेटचं मागचं हाउसिंग वेगळ्या घडणीचं असतं. म्हणजे भंगारात गेल्यावर पहिला प्रश्न "गिअरबॉक्स केवढ्याला?" हा नाही. "कुठल्या गाडीतून, कुठल्या इंजिनामागून निघाला?" हे आधी विचारायचं.

सालही बघा. ७००आर४ आला १९८२च्या मॉडेलपासून. पहिल्या काही वर्षांच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट २७ दात्यांचा, पुढे तो ३०चा झाला. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, त्याच दात्यांचा हवा, नाहीतर तो शाफ्टवर चढणारच नाही. १९८७ आणि नंतरच्यांत आत बऱ्याच सुधारणा आहेत, मी त्याआधीचा घेणार नाही. १९९०पासून ह्याच गिअरबॉक्सला ४एल६० म्हणू लागले. पिकअपमध्ये १९९३ला ४एल६०ई आला. त्या शेवटच्या 'ई'कडे दुर्लक्ष करू नका. त्याचं प्रेशर आणि गिअर बदलणं दोन्ही कॉम्प्युटरच्या हातात असतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो घालायचा तर वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर घ्यावाच लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून उचललेला ४एल६०ई शेवटी महाग पडतो. माझी निवड विचाराल तर १९८७ ते १९९२ दरम्यानच्या मोठ्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपमधला, ३०५ किंवा ३५० घनइंची इंजिनामागचा.

आता "केबल तीच". माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ह्याच दोन शब्दांनी केलंय.

टीएच३५०ला एक केबल जाते, ती फक्त किकडाउनची. पाय पूर्ण दाबला की ती खालचा गिअर पाडते. इंजिनावर भार किती हे टीएच३५०ला कळतं ते व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून. केबल तुटली तरी गाडी चालते, किकडाउन तेवढा मिळत नाही. ७००आर४ला मॉड्युलेटरच नाही. त्याचं सगळं ज्ञान टीव्ही केबलमधून येतं. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. तुमचा पाय किती खाली गेलाय ते ती केबल आत पोचवते आणि त्यानुसार क्लचांवरचं तेलाचं प्रेशर वाढतं. केबल ढिली राहिली, तर इंजिन पूर्ण जोर लावत असताना क्लच अर्ध्या प्रेशरवर धरलेले असतात. ते घसरतात आणि तापून जळतात. पहिला बळी जातो तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचपॅकचा. ह्याला महिने लागत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नुकताच पुनर्बांधणी केलेला ७००आर४ जुन्या किकडाउनच्या केबलवर चालवला. घरापासून हायवेपर्यंत जाऊन परत येईस्तोवर तिसरा गिअर गेलेला होता. त्यांचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

केबल योग्य ती आणली तरी काम संपत नाही. कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर ती कुठे अडकते, पिनपासून धुरीपर्यंत अंतर किती, ह्यावर केबल किती आणि कधी ओढली जाणार हे ठरतं. टीएच३५०बरोबर आलेल्या कार्ब्युरेटरवर ही भूमिती बरोबर असेलच असं नाही. बाजारातल्या होली कार्ब्युरेटरवर तर दुरुस्तीची पट्टी आणि टीव्ही केबलचा ब्रॅकेट घ्यावाच लागतो. कंपनीच्या केबलला स्वतः जुळणारा स्लायडर असतो. इंजिन बंद ठेवून बटण दाबायचं, स्लायडर पूर्ण मागे सारायचा, बटण सोडायचं आणि थ्रॉटल हाताने शेवटपर्यंत उघडायचा. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना केबल पूर्ण ताणलेली हवी. मग गिअरबॉक्सच्या प्रेशर पोर्टला गेज लावून थ्रॉटलबरोबर प्रेशर वाढतंय का ते डोळ्यांनी बघा. गेज, केबल आणि ब्रॅकेट मिळून जो खर्च येतो तो गिअरबॉक्स पुन्हा बांधण्यापुढे काहीच नाही. गेज नसेल तर गाडी गॅरेजबाहेर काढूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

"शाफ्ट तोच" हे क्वचित खरं ठरतं. टीएच३५० वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्यांचा, म्हणजे मागच्या हाउसिंगचा, आला. ६ इंची शेपटीचा असेल तर ७००आर४ त्यापेक्षा सुमारे ३ इंच लांब भरतो, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) तेवढा कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. ९ इंची असेल तर लांबी जवळपास तीच. पण गिअरबॉक्सच्या माउंटची जागा दोन्ही बाबतींत सुमारे २ इंच मागे जाते, म्हणून क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्स पेलणारी चासीची आडवी पट्टी, सरकवायचा किंवा नवा घ्यायचा. शाफ्टचं माप गिअरबॉक्स बसवल्यावर, गाडी चाकांवर उभी असतानाच घ्या. योक पूर्ण आत ढकलून मग पाऊण-एक इंच बाहेर ठेवायचा. अंदाजाने कापलेला शाफ्ट परत जोडता येत नाही.

फ्लेक्सप्लेटबद्दल, म्हणजे क्रँकला कन्व्हर्टर जोडणाऱ्या दातेरी तबकडीबद्दल, हा सल्ला काहीच बोलत नाही. स्मॉल ब्लॉकवर ती १५३ किंवा १६८ दात्यांची असते आणि कन्व्हर्टरच्या बोल्टांचं वर्तुळ त्याप्रमाणे लहान-मोठं. कंपनीच्या ७००आर४ कन्व्हर्टरला मोठं, १६८वालं वर्तुळ लागतं. स्टार्टरही फ्लेक्सप्लेटच्या जोडीचा हवा. शिवाय कुणी आधी इंजिन बदललं असेल, तर १९८५पर्यंतचं आणि १९८६पासूनचं ह्यांत मागचं सील आणि क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ दोन्ही वेगळं आहे. इंजिनावरचा कास्टिंग नंबर वाचल्याशिवाय फ्लेक्सप्लेट मागवू नका.

"लॉकअपची वायर सोडली तरी चालतं." गाडी पुढे जाते, एवढंच. लॉकअप म्हणजे कन्व्हर्टरचं घसरणं थांबवून त्याला इंजिनाशी पक्कं जोडणं. चौथ्या गिअरला इंजिनाचे फेरे कमी, भार जास्त, त्यात कन्व्हर्टर लॉक होत नसेल तर तो सतत घसरत राहतो आणि सगळी उष्णता तेलात जाते. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये, मागे ट्रेलर असताना, त्या तेलाची काय अवस्था होईल ते सांगायला नको. १२ व्होल्टची एक वायर, ब्रेक दाबल्यावर लॉक सोडवणारा स्विच आणि चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच एवढंच तर लागतं. सोबत रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर लावा. जुना गिअरबॉक्स जळून गेला असेल तर रेडिएटरच्या आतल्या कूलरमध्ये त्याचा चुरा बसलेला असतो, तो नव्यात जाऊ देऊ नका.

स्पीडोमीटरचा छोटा गिअर मागच्या क्राऊन-पिनियनप्रमाणे (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरजोडी) बदलतो. स्टिअरिंगवरच्या शिफ्टरला एक खाच कमी पडते, कारण आता एक जागा वाढली. दोन्ही किरकोळ कामं, पण यादीत हवीत.

आणि "पेट्रोल निम्म्यावर"? हिशेबच करू. २८ इंची टायर, मागे ३.७३चा क्राऊन-पिनियन, ताशी ७० मैल. टीएच३५०च्या वरच्या गिअरला इंजिन सुमारे ३१३० फेरे घेतं. ७००आर४चा चौथा गिअर ०.७०चा, तिथे ते सुमारे २१९० होतात. फरक मोठा आहे, कानालाही कळतो. पण फेरे तीस टक्क्यांनी उतरले म्हणून पेट्रोल तेवढं उतरत नाही, कारण चौकोनी पिकअपला हवा कापायला लागणारी ताकद तेवढीच राहते. आणि मागे ३.०८ असेल तर? आधी सुमारे २५९०, नंतर १८१०. इतक्या कमी फेऱ्यांवर भरलेली गाडी चौथ्यात रेटत नाही, सारखी तिसऱ्यात उतरते आणि पुन्हा चढते. अशा वेळी क्राऊन-पिनियनही बदलायचा विचार हवा. खरा फायदा मला सुटताना जाणवला. पहिला गिअर २.५२ऐवजी ३.०६ झाल्यामुळे भरलेली गाडी हलकी उठते. रोज जड ट्रेलर ओढणाऱ्यांना मात्र मी ७००आर४ सुचवणार नाही. त्यांनी टीएच४००च्या घराण्यातला ४एल८०ई आणि त्याचा कंट्रोलर ह्यांच्यासाठी पैसे साठवावेत.

राहिलं "शनिवारी सुरू, रविवारी रस्त्यावर". सगळे भाग आधी हातात असतील तर बोल्ट खोलून लावायला दोन दिवस पुरतातही. पण घाईत एक गोष्ट चुकते. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलेला नसतो, बेलहाउसिंग इंजिनाला टेकत नाही, आणि माणूस बोल्टांनी ते ओढून घेतो. पंप तिथेच फुटतो. कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो आणि प्रत्येक वेळी हाताला कळतं. बेलहाउसिंग बोटांनी घट्ट केलेल्या बोल्टांवर पूर्ण टेकलं पाहिजे, कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि तो फ्लेक्सप्लेटपासून एक ते दीड सूत मागे असला पाहिजे. तेवढी फट दिसली तरच पान्हा हातात घ्या.