म्हणे जुना धडा पुसून टाका!

"ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्यांसाठी पाच सोनेरी नियम" हा मेसेज एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. माझ्याकडे तो देवगडच्या मामेबहिणीने पाठवला. ती आंबा बागायतदारांसाठी फवारणी आणि निर्यातीचा कोर्स चालवते. मेसेजखाली तिची एकच ओळ होती: "दादा, ह्या खरा आसा काय रे?" नाय गो बाय! आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे जुने धडे उडवायला बसली असशील, तर आधी हात थांबव.

तो दुसरा नियम असा: "बदल केलात की जुनी फाइल लगेच डिलीट करा. काय बदललं ते सांगू नका, विश्वास उडतो." हे लिहिणाऱ्याने कोर्स विकले असतील, शिकवलेला एकही दिसत नाही. बहिणीच्याच विषयातलं घ्या. युरोपीय संघाने 2020 मध्ये क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही आणि त्याच नोव्हेंबरपासून फळात उरणाऱ्या त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे शंभर किलो आंब्यात एक मिलिग्रॅम! आता 2019 मध्ये कोर्स केलेल्या बागायतदाराच्या मोबाइलमध्ये जुन्या धड्याची पीडीएफ पडून आहे. तुम्ही तुमची फाइल उडवलीत, त्याची कशी उडवणार? तिच्यावर ना आवृत्तीचा क्रमांक, ना तारीख, आणि तुम्ही कळवलंही नाहीत. तो जुन्याच वेळापत्रकाने पंप मारणार आणि माल नाकारला गेला की शिव्या कोर्सला. विश्वास तेव्हा उडतो, महाराज.

सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो ना, तेच काम कोर्सच्या फाइलींसाठी गिट नावाचं सॉफ्टवेअर करतं: कोणी, कधी, काय बदललं याची नोंद. कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, एवढंच लिहायचं: "धडा 7: क्लोरपायरीफॉस काढलं, युरोपची नवी मर्यादा घातली." सल्लाच बदलला तर 2.0 चा टॅग (आवृत्तीची खूण), नुसतं शुद्धलेखन सुधारलं तर 1.3 चं 1.4. तो क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी छापायचा आणि बदलांची यादी ग्रुपवर टाकायची. "ताई, माझ्याकडे वेगळंच लिहिलंय" असा फोन आला, की आधी क्रमांक विचारायचा.

पहिला नियम "एकदा बनवा, आयुष्यभर विका". वरचं वाचून झाल्यावर त्यावर काय बोलायचं?

तिसरा म्हणतो गिट प्रोग्रामर लोकांचं, तुम्ही गुगल ड्राइव्ह वापरा, तिथे सगळं आपोआप जपलं जातं. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठीच गिट बनवलं, खरंय. पण सॉफ्टवेअर कार्पेंट्री बघा. 1998 पासून संशोधकांना संगणकाची कौशल्यं शिकवणारा हा उपक्रम. त्यांचे धडे गिटहबवर (गिटमधल्या फाइली ऑनलाइन ठेवायची वेबसाइट) सगळ्यांसाठी खुले आहेत, शिकवणारे स्वयंसेवक तिथेच दुरुस्त्या सुचवतात, आणि गिट शिकवणारा धडासुद्धा गिटमध्येच ठेवलाय. ओळ कधी बदलली ते कोणीही उघडून बघावं. आणि ड्राइव्हचं म्हणाल, तर पीडीएफसारख्या फाइलवर नवी चढवलीत की जुनी 30 दिवसांनी किंवा 100 आवृत्त्यांनंतर पुसली जाऊ शकते, मुद्दाम "कायम ठेवा" सांगितलं नसेल तर. गुगल डॉक्सचा इतिहास त्यापेक्षा बरा, पण अख्ख्या कोर्सला मिळून एक क्रमांक तिथेही मिळत नाही.

चौथा: "गिटहबवर टाकलं की जगजाहीर." खासगी रेपो, म्हणजे फक्त तुम्हाला आणि तुम्ही परवानगी द्याल त्यालाच दिसणारे फाइलींचे साठे, तिथे 2019 पासून फुकट आहेत. हां, शेतकऱ्यांचे फोन नंबर किंवा पासवर्ड मात्र त्यातही टाकू नका. नंतर फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ते राहतातच.

पाचवा म्हणे गिटला व्हिडिओ झेपत नाहीत आणि सतत नेट लागतं. व्हिडिओचं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. गिटहब 100 एमबीच्या वरची फाइल साधेपणी घेतच नाही. मग व्हिडिओ दुसरीकडे ठेवा, गिटमध्ये संहिता आणि लिंक ठेवा, आणि तासाभराचा एकच व्हिडिओ करण्यापेक्षा छोटे तुकडे करा. मर्यादा बदलली तर तेवढाच तुकडा परत शूट होतो. नेटचं मात्र साफ खोटं. कमिट लॅपटॉपवरच होतो. पावसात रेंज गेली तरी काम चालू ठेवायचं, पुश, म्हणजे गिटहबवर चढवणं, नंतर करायचा.