पेटतो तो हेलियम नव्हे

कार्निव्हलपासून आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: ‘फुग्यांतला हेलियम स्फोटक असतो, मुलांना देऊ नका.’ काल भावोजींनीही तोच पाठवला, म्हणून लिहितो.

हेलियम निष्क्रिय वायू. तो जळत नाही, जळायला मदतही करत नाही. एमआरआय यंत्राचं चुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायला द्रवरूप हेलियमच लागतो.

पेट घेतो तो हायड्रोजन. हेलियम महाग पडतो, म्हणून जत्रेतले काही फुगेवाले कॉस्टिक सोडा, पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे सिलिंडरमध्ये घालून तिथल्या तिथे हायड्रोजन बनवतात. दाब वाढला की तो जुनाट सिलिंडरच फुटतो. फुग्यांजवळ विडी पेटली तरी भडका. गंजका, धग मारणारा सिलिंडर दिसला की पोराला घेऊन लांब व्हा.

पण निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे. बारीक आवाज काढायला पोरं हेलियम ओढतात, तेव्हा फुफ्फुसात प्राणवायूची जागा तो घेतो. थेट सिलिंडरला तोंड लावलं तर काही श्वासांत शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. संदेशात याबद्दल अवाक्षर नाही!