मॅनेजर व्हायचंय? आधी कुरुपं काढायला शिका

चुन्याच्या रेषेबाहेर उभं राहून हातवारे करत पोट भरायचं तुमच्या मनात असेल, तर पहिलं पथ्य पाळा: स्वतः फार चांगलं खेळू नका. अगदी वाईटही नको, नाहीतर पगार कोण देणार? इंग्लंडचा फुटबॉल मॅनेजर नील वॉर्नॉक जेवढं खेळला, तेवढं खेळा. जन्म १९४८चा, शेफील्डचा. जीव शेफील्ड युनायटेडवर, पण त्या क्लबानं कधी विचारलं नाही. म्हणून चेस्टरफील्ड, रॉदरम, हार्टलपूल, स्कनथॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क आणि क्रू. बारा वर्षांत आठ क्लब. तहसीलदाराच्या बदल्याही इतक्या नेमानं होत नाहीत. लीगचे सामने ३२७, गोल ३६.

या सामान्यपणाचा पुढे फार उपयोग होतो. थोर खेळाडू मॅनेजर झाला, की समोरच्या पोराला साधा पास का जमत नाही हे त्याला उमगतच नाही. तुम्हाला ते आतून ठाऊक असतं.

दुसरं पथ्य, हाताशी एक जोडधंदा ठेवा. वॉर्नॉकनं पायांच्या दुखण्यांचं रीतसर शिक्षण घेतलं आणि लोकांची कुरुपं काढली. हसू नका. पुढे चाळीसेक वर्षं त्यानं दुसरं काय केलं? क्लबानं बोलवायचं, यानं जाऊन रुतलेलं, ठसठसणारं कुरूप काढायचं, आणि पाय बरा झाला की रोग्यानं त्याच पायानं वैद्याला लाथ मारायची. गेन्सबरो ट्रिनिटी, बर्टन अल्बियन अशा अर्धवेळ फुटबॉलच्या गावांत हात बसला, आणि मग आलं स्कारबरो.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १९८६ पर्यंत इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये चौथ्या विभागाच्या तळाच्या क्लबांना दरवर्षी मतांना सामोरं जावं लागे. मतदार कोण? लीगमधलेच क्लब. म्हणजे सोसायटीच्या जुन्या सभासदांनी ठरवायचं, की जुन्या शेजाऱ्याला घराबाहेर काढायचं की नव्या भाडेकरूला आत घ्यायचं. निकाल काय लागत असे, ते सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको. १९८७ पासून नियम बदलला: खालच्या स्पर्धेचा विजेता पात्रतेत बसला, तर थेट आत येणार. त्या दारातून आत शिरलेला पहिला क्लब वॉर्नॉकचा स्कारबरो. समुद्रकाठचं लहानसं गाव आत आलं आणि लिंकन सिटी बाहेर गेलं.

मग बढत्यांचा सपाटाच. नॉट्स काउंटीला १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षं वेम्ब्लीवर जिंकवून दोन मजले वर नेलं. १९९५ मध्ये हडर्सफील्ड. तिथे गड आला आणि सिंह काही दिवसांतच स्वतः राजीनामा देऊन निघाला. १९९६ मध्ये प्लिमथ. पुढे शेफील्ड युनायटेड, क्वीन्स पार्क रेंजर्स, कार्डिफ. एकूण आठ बढत्या. इंग्लिश फुटबॉलमध्ये हा विक्रम आहे.

तर वाचकहो, आठ वेळा वर चढा, पण वर थांबू नका. वरची हवा विरळ असते. नॉट्स काउंटी नेमकी १९९२ मध्ये पहिल्या विभागातून घसरली. त्याच उन्हाळ्यात प्रीमियर लीग नावाची पंगत बसणार होती, आणि हे पान वाढायच्या आतच उठले. नंतर पंगतीत चारदा बसायला मिळालं. दोनदा संघ तळाच्या तिघांत गेला, दोनदा हंगाम संपण्याआधी नारळ मिळाला. क्रिस्टल पॅलेसनं तर २०१४ मध्ये २६ डिसेंबरचा सामना हरल्यावर २७ला घरी पाठवलं. सणासुदीला माणसानं कुटुंबात असावं, असा उदात्त विचार असेल.

आता मुद्द्याचं: भांडण. मॅनेजरला डावपेच आले नाहीत तरी चालतं, भांडता आलं पाहिजे. याचा अभ्यास करायचा तर १६ मार्च २००२, ब्रॅमल लेन. वॉर्नॉकचं शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर, समोर वेस्ट ब्रॉम. सुरुवातीलाच युनायटेडच्या गोलरक्षकानं, सायमन ट्रेसीनं, चौकटीबाहेर येऊन हातानं चेंडू अडवला. लाल कार्ड. उत्तरार्धात जॉर्ज सँटोस बदली म्हणून उतरला. समोर होता अँडी जॉन्सन, ज्याच्याशी झालेल्या जुन्या टकरीत सँटोसचं गालफड मोडलं होतं. मैदानात पाऊल टाकून पुरतं गवत तुडवायच्या आत सँटोसनं त्याच्यावर दोन्ही पायांनी झेप घेतली. लाल कार्ड. त्या गदारोळात दुसरा बदली खेळाडू पॅट्रिक सुफो यानं प्रतिस्पर्ध्याला डोकं मारलं. तेही लाल. उरले आठ. मग दोन खेळाडू दुखापत झाल्याचं सांगत बाहेर आले. उरले सहा. सातपेक्षा कमी माणसांत सामना चालवता येत नाही, म्हणून पंच एडी वोल्स्टनहोम यांनी ८२व्या मिनिटाला खेळ थांबवला. तेव्हा वेस्ट ब्रॉम ३-० नं पुढे होतं.

सामना मुद्दाम बंद पाडला, असा आरोप पलीकडून झाला. वॉर्नॉकनं तो साफ नाकारला. आपण नाकारलेलं मान्य करू. दुखणं कोणाला, कधी होईल हे काय सांगून येतं? आणि पायांच्या दुखण्यातलं त्या माणसापेक्षा जास्त तुम्हाला कळतं का? निकाल ३-०च कायम राहिला, सँटोस आणि सुफो त्या क्लबाकडून पुन्हा खेळले नाहीत, मॅनेजर आणखी पाच वर्षं टिकला. या वाक्यातला शेवटचा भाग वहीत उतरवून घ्या.

पंचांविषयी मात्र एक धोक्याची सूचना. नाचता येईना अंगण वाकडं, हे दर शनिवारी म्हणायची सवय लागली, की अंगण खरंच वाकडं निघतं तेव्हा कोणी पाहायलाही येत नाही. ऑगस्ट २००९, ब्रिस्टल. तेव्हा वॉर्नॉककडे असलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या फ्रेडी सीअर्सनं मारलेला चेंडू गोलात गेला, आतल्या लोखंडी दांडीवर आपटून बाहेर आला. साऱ्या स्टेडियमनं पाहिलं. पंचांनी गोल दिलाच नाही. पॅलेस १-० हरलं. वॉर्नॉक ओरडला, आणि लोक म्हणाले, हा तर नेहमीच ओरडतो.

त्याहून मोठं दुखणं २००७चं. लहानपणापासूनचा लाडका क्लब त्यानं प्रीमियर लीगमध्ये नेला होता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर तिथे टिकायला विगनशी नुसती बरोबरी पुरे होती. विगनला पेनल्टी मिळाली. मारायला पुढे आला डेव्हिड अन्सवर्थ. हा गडी जानेवारीपर्यंत शेफील्ड युनायटेडमध्येच होता आणि त्याच हंगामात युनायटेडकडून खेळताना एक पेनल्टी त्यानं वाया घालवली होती. ही नाही घालवली. १-२. तिकडे मँचेस्टरला, घसरणीतून वाचायला धडपडणाऱ्या वेस्ट हॅमनं १-० असा विजय मिळवला, गोल कार्लोस तेवेझचा. या तेवेझच्या कराराचा हक्क त्रयस्थांच्या हाती होता, म्हणून वेस्ट हॅमला आधीच ५५ लाख पौंडांचा दंड झाला होता. गुण मात्र कापले नव्हते. विगन आणि युनायटेडचे गुण सारखेच, ३८. युनायटेड गोलफरकानं खाली गेलं. फरक एका गोलाचा. वॉर्नॉकनं राजीनामा दिला. वेस्ट हॅमनं २००९ मध्ये भरपाई देऊन प्रकरण मिटवलं, ती क्लबाला. मॅनेजरच्या काळजाची भरपाई करायची कुठल्या नियमात तरतूद नाही, आणि इथे उपरोध करायला मलाही जमत नाही. पुढे चला.

लोकप्रियतेची हाव सोडा. वॉर्नॉकच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावून विरोधी प्रेक्षकांनी एक शिवी बनवली. तिचा पहिला अर्धा भाग ‘कॉलिन’ असा आहे. दुसरा घरात मोठ्यानं वाचता येणार नाही. गावोगावची हजारो माणसं आपल्यासाठी शब्दकोडं सोडवत बसतात, हा मान किती मॅनेजरांना मिळतो?

आणि विक्रम करायचाच असेल, तर बूड हलकं ठेवून करा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिडल्सब्रोचा मॅनेजर म्हणून त्यानं १,६०२वा सामना पूर्ण केला आणि डारियो ग्रॅडी यांचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मोडला. त्याच आठवड्यात क्लबानं त्याला काढलं. सत्कार आणि निरोप समारंभ एकाच हारात उरकला.

राहिली निवृत्ती. ती जरूर घ्या, पण गणपतीच्या उत्तरपूजेसारखी, ‘पुनरागमनाय च’ म्हणत. वॉर्नॉकनं २०२२ मध्ये जाहीर केली. २०२३ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो हडर्सफील्डला घसरणीतून वाचवत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडमध्ये ॲबरडीन. तिथे लीगचा एकही सामना जिंकला नाही; मार्चमध्ये चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत किल्मारनॉकला हरवलं आणि त्याच दिवशी पद सोडलं. मुक्काम ३३ दिवसांचा. हरल्यावर कोणीही जातो हो.

त्याच वर्षी टॉर्कीनं त्याला सल्लागार म्हणून बोलावलं. १९९३ मध्ये यानंच त्या क्लबाला लीगबाहेर पडण्यापासून वाचवलं होतं. आता तो क्लब इंग्लिश फुटबॉलच्या सहाव्या पायरीवर होता. कुरूप पुन्हा उगवलं होतं.