वर काय आहे?

दिवाळीला पुण्याहून आलेला माझा पुतण्या गाडीतून उतरला, पाया पडण्यासाठी अर्धवट वाकला आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत त्याने मला विचारले, "व्हॉट्स अप, काकाजी?" सदतीस वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणारा मुलगा माझ्या वर्गात तास संपेपर्यंत बाकावर उभा राहत असे. त्यामुळे मी लगेच उत्तराला सुरुवात केली. संत्र्याच्या आंबिया बहराची फळगळ यंदा पोळ्याच्या आधीच कशी सुरू झाली, विहिरीवरची मोटर दोनदा कशी जळाली, विजेच्या डीपीवरचा फ्यूज टाकायला माणूस कसा मिळत नाही, थ्री फेजची लाइन या आठवड्यात रात्री बारा वाजता कशी येते आणि त्या जागरणाने माझा उजवा गुडघा कसा धरला आहे, हे मी क्रमवार सांगत गेलो. गुडघ्यापर्यंत आलो तेव्हा ध्यानात आले की पुतण्या केव्हाच आत जाऊन चिवड्याला लागला होता आणि हे सगळे निवेदन भाड्याच्या गाडीचा चालक ऐकत होता. तो भला माणूस होता. "गुडघ्याले तीळतेल लावत जा साहेब," असे त्याने सांगितले.

त्या दिवसापासून या दोन शब्दांनी माझा पिच्छा पुरवला आहे.

आमच्या पिढीने इंग्रजी शब्दाला शब्द लावून शिकले आणि तसेच शिकवले. व्हॉट म्हणजे काय, इज म्हणजे आहे, अप म्हणजे वर, तेव्हा या प्रश्नाचे मराठी "वर काय आहे?" असेच व्हायला हवे. पानठेल्यावर मी हे उकलून सांगितले तेव्हा तिथे बसलेल्या चौघांनी एकदम मान वर केली आणि त्यांतल्या एकाने अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर दिले, "वर तं टिनच हाय, गुरुजी." माझ्या शेजाऱ्याने तर याहून सरळ मार्ग काढला. आमच्या गावात त्या हिरव्या चौकोनाला सगळे 'व्हाट्सप' म्हणतात, आणि पुतण्याने शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना त्याला "व्हॉट्स अप, दादा?" असे विचारले, तेव्हा "हाय ना, घ्या नंबर," म्हणून त्याने दहा आकडे एका दमात सांगून टाकले. पुतण्याने भिडेखातर ते फोनमध्ये टाकले. आता त्याला पुण्यात रोज पहाटे गुलाबाची फुले, सुविचार आणि एखाददुसरा विकाऊ बैल येतो.

शेजाऱ्याला मात्र मी हसत नाही, कारण त्याची चूक मुळापासून बरोबर आहे. यान कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी २००९ मध्ये अमेरिकेत ही सोय काढली, तेव्हा कूम यांच्या मनात निरोप पाठवणे नव्हतेच. नावासमोर माणसाची त्या क्षणाची खबर दिसावी, म्हणजे हा कामात आहे की मोकळा हे फोन करण्याआधीच कळावे, एवढाच बेत होता. 'व्हॉट्स अप' या विचारणेवरूनच त्यांनी नाव जुळवले. पाच वर्षांनी ते सगळे सुमारे एकोणीस अब्ज डॉलरना विकले गेले. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाही नको असते त्याला एवढा भाव येतो आणि कापसाला येत नाही, यावर पानठेल्यावर आमची एक अख्खी दुपार खर्ची पडली, परंतु तो विषय वेगळा आहे.

उत्तर कोणालाच नको असते, हे मला पुढे हळूहळू कळत गेले. अमेरिकेतल्या माणसाने 'व्हॉट्स अप' म्हटले की तो रामराम असतो. त्यावर 'नथिंग मच' म्हणावे किंवा त्याचाच प्रश्न त्याला परत करावा आणि आपापल्या वाटेने जावे. इंग्लंडातला माणूस हेच दोन शब्द बोलतो तेव्हा मात्र त्याला बहुधा समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसलेला असतो, आणि "काय बिनसले?" असे तो खरोखरच विचारत असतो. एकच चिठ्ठी एका देशात नमस्कार ठरते आणि दुसऱ्या देशात विचारपूस. त्यात हा 'अप' शब्द फार चावट आहे. 'समथिंग इज अप' म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे, 'टाइम इज अप' म्हणजे वेळ संपली. दोन्हींत वर काहीही नाही. परीक्षेत मी 'टाइम इज अप' म्हणून ओरडायचो, तेव्हा मागच्या बाकावरची काही पोरे भिंतीवरच्या घड्याळाकडे का पाहायची, याचा उलगडा मला निवृत्तीनंतर झाला.

या विचारणेला जगभर पोहोचवण्याचे मोठे श्रेय एका सशाकडे जाते. १९४० च्या एका व्यंगपटात टेक्स एव्हरी यांनी बग्ज बनी नावाचा ससा गाजर चघळत बिळाबाहेर आणला आणि बंदूक घेऊन त्यालाच शोधणाऱ्या शिकाऱ्याला त्याच्या तोंडून "व्हॉट्स अप, डॉक?" असे विचारवले. ज्याच्या जिवावर उठले आहेत त्यानेच अशी थंडपणे चौकशी करावी, हीच त्यातली गंमत. शिकारी बिचारा माझ्यासारखा. तो खरे उत्तर देत बसतो.

आता आपल्याकडे असे निरुत्तर प्रश्न नाहीत असे कोणी म्हणू नये. आमच्या गावात सकाळी हातात लोटा घेऊन निघालेल्या माणसालाही "कुठं चालले, गुरुजी?" असे विचारतात, आणि त्याने "हे इकडंच," म्हटले की दोघांचेही समाधान होते. "काय म्हन्ता?" या प्रश्नावर कोणी काही म्हणायचे नसते. "जेवले का?" असे विचारणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटलेलीही नसते. मालिनोव्स्की नावाच्या मानवशास्त्रज्ञाने दूरच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून असल्या बोलण्याचा अभ्यास केला आणि १९२३ मध्ये त्याला एक भारदस्त नावही दिले. माहिती देण्यासाठी नव्हे, तर नाते ऊबदार ठेवण्यासाठी माणसे असे बोलतात, असा त्याचा मथितार्थ. त्यासाठी एवढ्या समुद्रापार जाण्याची गरज नव्हती. आमच्या पानठेल्यावर एक आठवडा काढला असता तरी भागले असते, आणि खर्राही मिळाला असता. प्रश्न विचारून उत्तर वसूल करणारे आमच्या मुलखात एक गाडगेबाबाच. त्यांच्या कीर्तनात समोरच्याला उत्तर द्यावेच लागे, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघत असे. बाबांनी 'व्हॉट्स अप' विचारले असते, तर माझे फळगळीपासून गुडघ्यापर्यंतचे सगळे ऐकून घेतले असते आणि वर जागरणाच्या रात्रींचा हिशेबही मागितला असता.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण मध्ये गाणे आले. शेजारच्या आळीतली, अमरावतीला बी.ए. करणारी एक मुलगी महाविद्यालयाच्या गॅदरिंगसाठी इंग्रजी गाणे बसवत होती, आणि माझी ख्याती ऐकून ती वही घेऊन आली. "सर, गाण्याचं नाव 'व्हॉट्स अप' हाय, पन गान्यात हे शब्दच नाहीत. मी छापील कागद चुकीचा तं नाही ना घेतला?" माझ्या दृष्टीने ही तक्रार रास्त होती. आपल्याकडे गाण्याला वेगळे नाव ठेवण्याची चालच नाही. पहिली ओळ हेच त्याचे नाव, आणि अभंगापासून सिनेमापर्यंत सगळ्यांची ओळख मुखड्यावरूनच पटते. ज्याचे नाव पोटात कुठेच सापडत नाही, असे गाणे म्हणजे घरात एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरे असा प्रकार.

मी चष्मा लावून चौकशीला बसलो, आणि प्रकरण खरोखरच सातबाऱ्याचे निघाले. फोर नॉन ब्लाँड्स नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाने हे गाणे १९९२ च्या आपल्या संग्रहात घेतले, आणि पुढच्या वर्षी ते स्वतंत्रपणे निघून देशोदेशी गाजले. ते लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या लिंडा पेरी त्यात पुन्हापुन्हा विचारतात ते 'व्हॉट्स गोइंग ऑन'. पण त्या नावाची जमीन आधीच दुसऱ्याच्या नावावर चढली होती. अमेरिकी गायक मार्विन गे यांचे 'व्हॉट्स गोइंग ऑन' १९७१ पासून लोकांच्या ओठांवर होते, आणि दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून नव्या गाण्याने शेजारचा, त्याच अर्थाचा पण वापरात हलका असा वाक्प्रचार नाव म्हणून घेतला. भाऊबंदकी टाळण्यासाठी धुरा सोडून पेरणी करण्याचा एवढा समंजसपणा मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

गे यांच्या गाण्याचा प्रश्न मात्र रामरामाचा नव्हता. त्याचे एक सहलेखक रेनाल्डो बेन्सन यांनी १९६९ मध्ये बर्कलीत पोलिसांनी तरुणांना केलेली मारहाण पाहिली होती, गे यांचा स्वतःचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धातून परतला होता, आणि "हे काय चालले आहे?" असे त्यांना खरोखरच विचारायचे होते. तरी गंमत पाहा, मार्विन गे यांच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह नाही, आणि केवळ गल्लत टाळण्यासाठी घेतलेल्या 'व्हॉट्स अप'च्या शीर्षकात ते आहे. माझ्या हाती तपासणीची लाल शाई असती, तर मी दोघांचाही अर्धा-अर्धा गुण कापला असता. याच घराण्यातले 'व्हॉट्स न्यू' हे गाणे १९३९ चे आहे, आणि त्यात फार दिवसांनी भेटलेल्या जुन्या प्रेमपात्राला नुसते "नवीन काय?" असे विचारले जाते. त्या मुलीला मी हेही सांगितले, पण तिला गॅदरिंगची घाई होती.

शब्द त्या गाण्यात नाहीत याची स्वतः खात्री करून घ्यावी, म्हणून त्या रात्री मी लाइन येण्याची वाट पाहत बगीच्यातल्या खाटेवर फोन मोठ्या आवाजात लावला आणि वहीवर पेन्सिलने खुणा करू लागलो. चार वेळा ऐकून झाले. या गाण्याच्या ध्रुवपदात पोटातून काढलेल्या लांबलचक "हे... हे..." अशा हाका आहेत, आणि जागलीला बसलेला आमच्याकडचा माणूस रोही म्हणजे नीलगाय किंवा रानडुकरे हाकलायला नेमक्या याच सुरात ओरडतो. पाचव्या खेपेला पहिली हाक गेली तशी पलीकडच्या वावरातून प्रतिसादाची हाक आली, मग तिच्याही पलीकडून, आणि थोड्याच वेळात तीन बॅटऱ्या आणि दोन काठ्या घेऊन चौघे जण माझ्या धुऱ्यावर उभे राहिले. "कुकडं गेला रोही, गुरुजी?" रोही नाही, गाणे आहे, हे मी सांगितले. एवढ्या रात्री बाई कशासाठी ओरडते, असे त्यांनी विचारले. काय चालले आहे ते ती विचारते, असे मी म्हणालो. त्यांतला वयस्क गृहस्थ बॅटरी विझवत म्हणाला, "मंग सांगून टाका ना तिले एकदाचं, झोपू द्या आमाले."

या प्रकारानंतर मी शहाणा व्हायचे ठरवले. 'व्हॉट्स अप'ला 'नथिंग मच', हे मी पाढ्यासारखे घोकले. पुतण्याचा निरोप आला की मी फळगळ, मोटर, डीपी आणि गुडघा हे सर्व गिळून दोन शब्द पाठवू लागलो, आणि तोही खूश होऊन अंगठा पाठवू लागला. महिनाभर आमचे संबंध अमेरिकी पद्धतीने अतिशय सुरळीत चालले.

मग एका मध्यरात्री त्याचा निरोप आला, "व्हॉट्स अप विथ संत्री, काकाजी?" मी विहिरीवर एका हाताने स्टार्टर धरून उभा होतो. सवयीने दुसऱ्या हाताने 'नथिंग मच' टाकले आणि पाण्याकडे वळलो.

सकाळी सातला वहिनींचा फोन आला. त्यांचा आवाज दहाव्याला आल्यासारखा होता. "भाऊजी, बगीचा गेला म्हणे सगळा? तुम्ही आम्हांला काही बोललाही नाहीत. पैसे पाठवू का थोडे?" आतून आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले आणि त्या पातेले हातात घेऊनच बाहेर आल्या, कारण बगीचा गेल्याचे त्यांनाही कोणी सांगितले नव्हते. त्या 'विथ'ने घात केला होता. मागे 'विथ' लागला की तो रामराम राहत नाही, ती खरी विचारणा होते. या असल्या शब्दयोगी अव्ययांसाठी मी सदतीस वर्षे पोरांचे गुण कापले होते.

मी वहिनींना सगळे पहिल्यापासून सांगितले: एकशेवीस झाडांपैकी किती धरली, किती गळली, व्यापारी बगीच्याला काय मागतो, आता गोडी कशी उतरली आहे आणि लाइन केव्हा येते. त्यांनी मध्ये एकदाही 'हो ना' म्हटले नाही. उलट डीपीचे काय झाले ते विचारले, आणि गुडघ्याचेही विचारले. शेवटी म्हणाल्या, "त्याला दोन कॅरेट पाहिजे होते हो, मित्रांना द्यायला. सरळ मागायची लाज वाटली असेल."

दोन कॅरेट निवडून, पेंढा घालून, अमरावतीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवले. तिसऱ्या दिवशी उघडलेल्या कॅरेटचे छायाचित्र आले आणि त्याच्याखाली निरोप होता, "थँक्स काकाजी! खूप गोड आहेत. व्हॉट्स अप?"

मी खाट उन्हात ओढली, चष्मा पुसला आणि फळगळीपासून टंकायला सुरुवात केली.